ओरखड्यालाही आर्थिक नुकसानीची पातळी लावा



आज पिकाचं नाही, गाडीचं लिहितोय. पण जरा शेवटपर्यंत वाचा, कारण विषय शेतीच्याच हिशोबाचा आहे.

पावसाळा लागला की आपल्याकडं स्कूटी घसरायला सुरुवात होते. माणसाला नशिबानं फार लागत नाही, गुडघा-कोपर खरचटतं. गाडीच्या एका बाजूचा रंग मात्र रस्त्यावर राहतो. मग घरोघरी दोन प्रकार बघायला मिळतात. कुणी दुसऱ्याच दिवशी शोरूमला जाऊन निम्मी बॉडी बदलून आणतं. कुणी "चालतंय की" म्हणून दोन-दोन वर्षं तशीच फिरवतं आणि शेवटी मडगार्डला भोक पडतं. माझं मत विचाराल तर दोन्ही तोट्याचं आहे.

आपण कीड बघून काय करतो? कपाशीत गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावतो. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ किंवा त्याहून जास्त पतंग सापडले तरच फवारणीचा विचार करायचा, असं कृषी विद्यापीठवाले सांगतात. एक पतंग दिसला म्हणून पंप पाठीवर घ्यायचा नसतो. फवारणीचा खर्च वाचणाऱ्या मालापेक्षा जास्त असेल तर ती फवारणी म्हणजे घाटा. यालाच आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतात.

गाडीच्या ओरखड्याला हाच नियम लावा, असं माझं म्हणणं आहे. पडलेल्या गाडीचं नुकसान तीन जातीचं असतं. एक, जिवाला धोका करणारं. दोन, आज छोटं पण पुढं वाढत जाणारं. तीन, नुसतं डोळ्याला दिसणारं. पहिल्याला एक दिवससुद्धा थांबायचं नाही. दुसऱ्याला आठवड्याच्या आत हात घालायचा. तिसऱ्याला सवडीनं, आणि केलंच पाहिजे असं काही नाही. आपण नेमकं उलटं करतो. तिसऱ्यावर पैसे घालतो, दुसरं विसरतो आणि पहिलं बघतच नाही.

रंग नंतर, आधी लिव्हर

गेल्या पावसाळ्यात आमची थोरली मुलगी डेअरीला दूध घालून येताना वळणावर घसरली. ट्रॅक्टरनं रानातला चिखल डांबरावर आणून टाकला होता आणि वरून भुरभुर पाऊस. वेग कमी होता म्हणून निभावलं. डाव्या बाजूचं पॅनल घासलं, पुढच्या मडगार्डचा रंग बोटभर उडाला, आरसा फुटला. घरी आल्या आल्या तिनं सांगितलं. मी कापड घेऊन गाडी पुसली आणि एकेक भाग हातानं तपासला. डाव्या लिव्हरच्या मुळाशी केसाएवढी चीर होती. लिव्हर जरासा वाकलेला, पण ब्रेक लागत होता. कुणालाही वाटलं असतं की ठीक आहे.

आता हे लक्षात घ्या. एप्रिल २०१९ ला १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकीला सीबीएस नाहीतर एबीएस सक्तीचं झालं. सीबीएस असलेल्या स्कूटरला डावा लिव्हर दाबला की दोन्ही चाकांना ब्रेक लागतो. म्हणजे चालवणाऱ्याचा सगळा भरवसा त्या एका लिव्हरवर. लिव्हर असतो ॲल्युमिनियमच्या ओतकामाचा. लोखंडासारखा तो वाकवून सरळ करता येत नाही. सरळ करायला गेलं की आतून तडकतो, आणि ऐन गरजेला, जोरात दाबल्यावर, हातात येतो. म्हणून वाकलेला लिव्हर पक्कडीनं सरळ करू नका, सरळ बदला. दोन-अडीचशेचं काम आहे.

गाडी पडल्यावर रंगाकडं बघायच्या आधी एवढं तपासा:

१. दोन्ही लिव्हर मुळापासून टोकापर्यंत, उजेडात, चीर आहे का.
२. हँडल सरळ धरल्यावर पुढचं चाक सरळ राहतंय का, की एका बाजूला बघतंय.
३. ॲक्सिलेटर पिळून सोडला की आपोआप मागं येतो का. मूठ आत ढकलली गेली असेल तर अडकतो. गाडी बंद ठेवून बघायचं, हँडल दोन्ही टोकांना वळवूनही बघायचं.
४. हेडलाईट, इंडिकेटर, मागचा ब्रेकलाईट.
५. चाक फिरवून बघा, रिम वाकडी झाली का, मडगार्ड टायरला घासतंय का.
६. विजेवरची गाडी असेल आणि पायदानाखाली दगड लागला असेल, तर घरी काही उघडू नका. बऱ्याच गाड्यांची बॅटरी तिथंच असते. कंपनीच्या माणसाकडून तपासल्याशिवाय चार्जिंगला लावायची नाही.

यात काही निघालं तर ते पहिल्या जातीचं नुकसान. गाडी तिथंच उभी.

लोहचुंबक फिरवा

आता दुसरी आणि तिसरी जात वेगळी कशी करायची? सोपं आहे. घरातलं एखादं लोहचुंबक घ्या, जुन्या स्पीकरचं असलं तरी चालतं. खरचटलेल्या जागेवर लावा. चिकटलं तर पत्रा, नाही चिकटलं तर प्लास्टिक. एकाच गाडीत दोन्ही असतं. आमच्या गाडीचं पुढचं मडगार्ड पत्र्याचं आहे आणि बाजूचं पॅनल प्लास्टिकचं.

आमच्या पिढीनं १९७२ ला आलेली बजाज चेतक बघितली. अख्खी पत्र्याची. दुधाचे कॅन, खताच्या गोण्या, घरची चार माणसं, सगळं तिच्यावर. पोचा आला की डेंटर हातोडीनं आतून ठोकायचा, लांबी भरायचा, रंग मारायचा. बदलायची भाषाच नव्हती. पुढं ती जुनी स्कूटर बंद झाली. मधल्या काळात प्लास्टिक बॉडीच्या गाड्या आल्या आणि दुरुस्तीची सवय जाऊन बदलायची सवय लागली. प्लास्टिक वाईट आहे असं मी म्हणत नाही. प्लास्टिकची आणि पत्र्याची जखम वेगळी असते, एवढंच सांगतोय.

बागायतदारांना लगेच कळेल. डाळिंबाचं पान फाटलं तर आपण काही करत नाही. झाड चालू राहतं. पण खोडाची साल निघाली की लगेच बोर्डो पेस्ट लावतो, एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. कारण त्या उघड्या जागेतून रोग आत शिरतो. प्लास्टिकचा ओरखडा म्हणजे फाटलेलं पान. दिसायला वाईट, पण वाढत नाही. पत्र्याचा ओरखडा म्हणजे सोललेलं खोड. तो उघडा राहिला की गंज रंगाच्या खालून पसरत जातो. वर फोड दिसेपर्यंत आत बराच पत्रा गेलेला असतो.

आणि आपल्या गाड्यांवर गंज शहरापेक्षा लवकर चढतो. पायदानावर आपण खताची गोणी ठेवतो. पोटॅश म्हणजे म्युरेट ऑफ पोटॅश, त्यात क्लोराईड आहे. ओलाव्यात मिसळलं की उघड्या लोखंडाला मिठासारखंच खातं. युरिया हवेतलं पाणी ओढून घेतो आणि ती जागा ओली ठेवतो. म्हणून खत वाहिल्यावर गाडी खालून धुवायची, आणि पायदानावर रबरी मॅट टाकायची. पेरणी यंत्राचा खताचा डबा का कुजतो हे आपल्याला माहीत आहे. गाडीच्या पत्र्याला वेगळा नियम नाही.

पत्र्याचं काम असं करा

साबणाच्या पाण्यानं धुवा, पूर्ण वाळू द्या. तेलकटपणा रॉकेलच्या बोळ्यानं काढा आणि परत कोरड्या फडक्यानं पुसा. दोनशेवीस नंबरच्या पॉलिश पेपरनं गंज घासा. लाल डाग दिसायचा बंद होऊन चकचकीत लोखंड दिसलं पाहिजे. अर्धवट घासून रंग मारणं म्हणजे तांबेरा पडलेल्या गव्हाला वरून पाणी मारून धुतल्यासारखं आहे. नंतर चारशे नंबरच्या पेपरनं जुन्या रंगाची कड उतरती करा, म्हणजे पायरी दिसणार नाही.

घासलेला पत्रा रात्रभर उघडा ठेवायचा नाही. पावसाळी हवेत सकाळपर्यंत त्यावर पुन्हा लाली येते. त्याच दिवशी प्रायमर. पातळ दोन हात, मधे वाळू द्यायचं. मग रंगाचे पातळ दोन-तीन हात, शेवटी क्लिअर. एक जाड हात मारला की ओघळ येतो आणि वरून वाळलं तरी आत कच्चं राहतं.

लांबी भरायची गरज खड्डा असेल तरच. गंजावर लांबी भरू नका, आणि भरलेली लांबी रंगाशिवाय ठेवू नका. ती पाणी धरून ठेवते.

हे सगळं करायला आज वेळच नसेल, तर निदान जागा कोरडी करून त्यावर घरातल्या मुलीची बिनरंगी नेलपॉलिश लावा. हसू नका. हवा आणि पाणी लोखंडापासून तोडलं की गंज थांबतो. पंधरा दिवस निभावतं.

प्लास्टिकचं काम

ओरखड्यावरून नख फिरवा. नख अडकत नसेल तर ओरखडा वरच्या क्लिअर थरातच आहे. दुसरी खूण, पाण्याचं बोट लावल्यावर ओरखडा दिसेनासा झाला तरीही तेच. असा ओरखडा रबिंग कंपाऊंडनं निघतो. मऊ फडक्यावर थोडं घ्यायचं, हलक्या हातानं, एकाच जागी जास्त दाबायचं नाही. पुष्कळ वेळा ओरखडा वाटतो तो भिंतीचा नाहीतर समोरच्या गाडीचा रंग आपल्या गाडीवर बसलेला असतो. तो तर पूर्ण निघून जातो. थिनर किंवा पेट्रोलनं पुसू नका. थिनर चांगला रंगही उठवतो, आणि काही प्लास्टिक पेट्रोलनं बारीक तडकतं.

नख अडकलं आणि खालचं काळं-पांढरं प्लास्टिक दिसत असलं, तर ते नुसतं दिसण्याचं नुकसान. रंग मारला तर बरं, नाही मारला तरी गाडी झिजत नाही.

पॅनलला चीर गेली असेल तर मात्र बघावं लागतं, कारण गाडीच्या थरथरीनं चीर वाढते. पहिलं काम, चिरेच्या टोकाला ३ मिमीचं भोक पाडा. चीर तिथं थांबते. मग पॅनलच्या आतल्या बाजूला कोरलेली अक्षरं बघा. एबीएस किंवा पीपी असं लिहिलेलं असतं. अक्षरं नसतील तर तुटलेला बिनरंगी तुकडा पाण्यात टाका. आपण भाताचं बी मिठाच्या पाण्यात टाकून पोचट आणि भरीव वेगळं करतो, तसंच. एबीएस बुडतं, पीपी बहुधा तरंगतं.

एबीएस ॲसिटोनमध्ये विरघळतं. जुन्या एबीएस पॅनलचे बारीक तुकडे थोड्या ॲसिटोनमध्ये रात्रभर काचेच्या बरणीत ठेवले की काकवीसारखा रांधा होतो. तो चिरेच्या आतल्या बाजूनं भरायचा. वाळला की जोड मूळ पॅनलसारखाच प्लास्टिकचा. ॲसिटोन पेट्रोलसारखं पेट घेतं, तेव्हा उघड्यावर काम करा, चूल-बिडी लांब. पीपीवर हा रांधा चालत नाही आणि साधा गोंदही धरत नाही. त्याला सोल्डरिंगच्या गरम टोकानं आतून बारीक लोखंडी जाळी बसवून वितळवून घ्यावं लागतं. ठिबकच्या नळीचं काम करणाऱ्या पोरांचा हात यात चांगला बसतो.

पीपीचा मडगार्ड नुसता दबला असेल तर त्यावर गरम पाणी ओतून आतून हातानं ढकला, बऱ्याचदा परत येतो. हातमोजे घाला.

रंग जुळत नाही याचं कारण

गाडीचा रंग-नंबर बहुतेक वेळा सीटखालच्या स्टिकरवर असतो. तो सांगून रंग घ्या, "लाल द्या" म्हणून नको. तरीसुद्धा एक गोष्ट पक्की. पाच वर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचा रंग उतरलेला असतो, लाल तर जास्तच. एकच नवं पॅनल बसवलं की ते जुन्या सदऱ्याला नव्या कापडाचं ठिगळ दिसतं. म्हणून "शोरूमसारखी दिसेल" या आशेवर एकच पॅनल बदलणाऱ्यांना शेवटी दुसऱ्या बाजूचंही बदलावंसं वाटतं. खर्च असा वाढत जातो.

सगळ्या गाडीचाच रंग बदलायचा विचार असेल तर आरसीवर नोंद करावी लागते. ते न करता रंग बदलला तर विमा आणि तपासणीत अडचण येते.

पेंटरकडं मारतात तो हार्डनर मिसळलेला पीयू रंग घरी फवारू नका. त्यात आयसोसायनेट असतं, फुप्फुसाला घातक. कापडी रुमालानं ते थांबत नाही. कीटकनाशक फवारताना जो धडा आपण शिकलोय तोच इथं आहे. घरी करायचं तर छोटा डबा, ब्रशनं, मोकळ्या हवेत.

हिशोब आणि विमा

आमच्या गाडीला वर्कशॉपनं सहा हजार चारशेचा अंदाज दिला होता. मडगार्ड, पॅनल, पुढचं कव्हर, आरसा, मजुरी, सगळं नवं. लिव्हरचा त्यात उल्लेखच नव्हता. जे दिसतं ते सगळं यादीत, आणि ज्यावर पोरीचा जीव अवलंबून ते यादीत नाही. तिथल्या पोरांना मी दोष देत नाही, त्यांना पार्ट विकायला शिकवलंय. मी लिव्हर आणि आरसा बदलला, साडेचारशे. पेपर, प्रायमर, रंग, कंपाऊंड, सहाशे. मडगार्ड नीट केलं. बाजूच्या पॅनलचा खोल ओरखडा तसाच ठेवला. हजार-पन्नास रुपयांत काम झालं आणि उरलेल्या पैशात किती पशुखाद्य आलं असतं, याचा हिशोब करून बघा.

"विमा आहे की" असं बरेच म्हणतात. कोणता विमा ते बघा. थर्ड पार्टी कायद्यानं सक्तीचा आहे, सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला तो पाच वर्षांचा घ्यावा लागतो. पण त्यातून आपल्या गाडीच्या नुकसानीला एक रुपया मिळत नाही. त्याला ओन डॅमेज लागतो. तो असला तरी प्लास्टिक आणि रबरी भागांवर ५० टक्के घसारा कापतात, झिरो डेप घेतलं नसेल तर. आणि एकदा क्लेम केला की नो क्लेम बोनस शून्यावर येतो. हा बोनस पहिल्या वर्षी २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि ५० टक्क्यांपर्यंत चढतो. हजार-दोन हजाराच्या ओरखड्यासाठी क्लेम करायचा की नाही, हे आधी कागदावर मांडून बघा. मोठा अपघात असेल तर जरूर करा, विमा त्यासाठीच आहे.

काही जण म्हणतील, विकताना भाव पडतो. पडतो, खरं आहे. पण व्यापारी ओरखड्यापेक्षा गंज आणि वाकडं हँडल बघून जास्त पाडतो. आणि पॅनलवर घातलेले चार हजार विक्रीत परत मिळत नाहीत. लग्नकार्याला गाडी बरी दिसावी वाटत असेल तर शंभर-दीडशेचं पॉलिश पुरेसं आहे.

शेवटचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं

ओरखड्यावरून पोरांना बोलू नका. आपल्याकडं पोरगी किंवा सून गाडी पाडून आली की पहिला प्रश्न "गाडीला काय झालं?" आणि दुसरा "तुला कुणी सांगितलं होतं गाडी न्यायला?" मग पुढच्या वेळी ती सांगतच नाही. ओरखड्यावर स्टिकर चिकटवते, नाहीतर गाडी भिंतीच्या बाजूला लावते. तडकलेला लिव्हर तसाच राहतो आणि दुसऱ्या दिवशी ती त्याच गाडीवर कॉलेजला जाते. रंगाच्या दोनशे रुपयांपायी आपण घरात भीती पेरतो, आणि त्या भीतीला येणारं पीक फार महाग असतं. मुलींना तर याचा जास्त फटका, कारण एका ओरखड्यावरून त्यांची गाडीच बंद होते. पोरगा पडला तर कुणी त्याची किल्ली काढून घेत नाही.

दुसरं, ट्रॅक्टरवाल्यांना हात जोडून विनंती. रानातून डांबरावर चढताना दोन मिनिटं थांबून खोऱ्यानं टायरचा चिखल पाडा. केजव्हील लावून रस्त्यावर येऊ नका. उसाची वाडं आणि पडलेला ऊस वळणावर राहिला असेल तर बाजूला करा. आमच्या रस्त्यावर पावसाळ्यात गाड्या कुठं घसरतात विचाराल तर गावातलं शेंबडं पोरगंही तीच तीन वळणं दाखवेल, आणि तिन्ही ठिकाणी रानाची वाट डांबराला मिळते. ग्रामपंचायतीनं तिथं दोन ट्रॉल्या मुरूम टाकला तरी निम्मा चिखल रस्त्यावर यायचा थांबेल.

थोडक्यात, आधी लिव्हर, मग पत्रा, मग वाटलंच तर प्लास्टिक. उद्या सकाळी गाडी धुताना लोहचुंबक फिरवून बघा, आणि पत्र्यावर जिथं रंग उडालाय तिथं पाऊस पडायच्या आत प्रायमर लावा. तुमच्या भागात कुणी चांगला डेंटर किंवा प्लास्टिक जोडणारा असेल तर गावातल्या लोकांना सांगा. असे कारागीर टिकले तरच दुरुस्ती टिकेल.

गाडी सावकाश चालवा. राम राम.